मगदूम मॅडम आणि सूर्यावरचं वारं

मगदूम मॅडमच्या शोकसभेत आमच्या संस्थेचे चेअरमन म्हणाले, "मॅडम अतिशय मितभाषी, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या होत्या." सभागृहात शंभरेक माणसं होती. एकही हसलं नाही, ही सांगलीकरांची सभ्यता. मला मात्र सारखं वाटत होतं, आता त्या हार घातलेल्या फोटोतून आवाज येणार, "पुरावा?"

हा त्यांचा लाडका शब्द. कोणी म्हणालं, आज उकाडा फार आहे, तर त्या म्हणायच्या, "पुरावा?" आणि भिंतीवरच्या तापमापकाकडं बोट करायच्या. कोणी म्हणालं, अमुक सरांची बदली होणार, तरी तेच. स्टाफरूममधल्या निम्म्या गप्पा त्यांच्यामुळं जागच्या जागी मरायच्या. उरलेल्या निम्म्या त्यांच्याबद्दलच असायच्या, त्या अर्थात त्या नसताना.

सांगलीतल्या त्या ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवायचो, त्या फिजिक्स. आमची टेबलं वीसेक वर्षं शेजारी होती. बुटकी, काटक बाई. सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये इतर बायका काय ठेवतात मला ठाऊक नाही. यांच्या पर्समध्ये एक पितळी होकायंत्र असायचं. नवीन टेबल, नवीन खुर्ची, नवीन कपाट आलं की त्या आधी त्यावर होकायंत्र ठेवून बघायच्या. सुई वळली की म्हणायच्या, "लोखंड आहे. निदान हे तरी खरं निघालं."

घरची रीत जैनांची, त्यामुळं जेवण सूर्य मावळायच्या आत. ही रीत त्यांनी कुणावर लादली नाही आणि कुणासाठी मोडलीही नाही. एकदा डिसेंबरात संस्थेची बैठक लांबली. चेअरमनसाहेब 'शिक्षणाची पुढील दिशा' सांगत होते आणि ती बराच वेळ सापडत नव्हती. मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं, पर्सशेजारची पिशवी उघडली, डबा काढला आणि शांतपणे भाकरी मोडली. साहेब थांबले.

"मगदूम मॅडम, बैठक चालू आहे."

"दिसतंय की सर. तुमचं चालू द्या. तुम्ही थांबता, सूर्य थांबत नाही."

साहेबांनी दिशा गुंडाळली. त्या दिवशी स्टाफनं मॅडमना मनातल्या मनात किती आशीर्वाद दिले, ते सांगता येणार नाही. एक माझा होता.

बारावीच्या पुस्तकात ध्रुवीय प्रकाशावर दोन ओळी होत्या. मॅडम त्या दोन ओळींना तीन दिवस द्यायच्या. प्राचार्यांनी एकदा विचारलं, "मॅडम, जे सांगलीत दिसतच नाही ते एवढं शिकवून काय उपयोग?"

"सर, सांगलीत शिस्तही कुठं दिसते? तरी आपण रोज सकाळी तिच्यावर भाषण देतोच ना."

मी एकदा त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभं राहून तो तास ऐकला. फिजिक्स मला मॅट्रिकनंतर सोडून गेलं होतं, पण हे समजलं. त्या सांगत होत्या, "सूर्यावरनं सारखं एक वारं सुटलेलं असतं. आपलं झाडं हलवणारं वारं नव्हे. विजेचा भार असलेल्या बारीक कणांचं. ते पृथ्वीवर येऊन आदळतं. आता आपल्या गेटवरचा वॉचमन आठवा. अ‍ॅडमिशनच्या दिवशी पालकांचा लोंढा येतो. वॉचमन आत सोडत नाही. मग लोंढा काय करतो? दोन्ही बाजूंनी भिंतीला घासत मागच्या मैदानाकडं जातो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र म्हणजे हा वॉचमन. वारं त्याला समोरनं दाबतं आणि मागच्या, रात्रीच्या बाजूला त्याची लांब शेपटी ओढतं."

"मग आत काहीच येत नाही?" पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं.

"येतं की. वाऱ्यासोबत सूर्याचंही चुंबकीय क्षेत्र येतं. ते आपल्याच्या उलट दिशेचं निघालं की वॉचमन फितूर होतो. दोन्हीच्या रेषा जोडल्या जातात, शेपटीत ताण साठत जातो आणि ताणलेला रबर सुटावा तसा एकदम सुटतो. शेपटीतले कण पृथ्वीकडं फेकले जातात, त्या रेषा धरून उत्तर-दक्षिण टोकांकडं घसरतात आणि वरच्या हवेवर आपटतात. ऑक्सिजन हिरवा उजळतो, फार उंचावर लाल. तोच ऑरोरा."

"मॅडम, पुस्तकात तर कण सूर्यावरनं सरळ ध्रुवावर पडतात."

"पुस्तकात पडतात. पुस्तक छापणाऱ्याला घाई होती."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत मॅडमनी एक यंत्र बसवलं होतं. यंत्र म्हणजे लोणच्याची काचेची बरणी. बरणीत बारीक धाग्याला टांगलेलं लहानसं चुंबक, त्याला चिकटवलेला आरशाचा तुकडा, आरशावर सोडलेला उजेड, आणि समोरच्या भिंतीवर लावलेल्या आलेखाच्या कागदावर त्या उजेडाचा ठिपका. पृथ्वीच्या क्षेत्रात जरा गडबड झाली की चुंबक केसभर वळायचं आणि भिंतीवरचा ठिपका सरकायचा.

ठिपक्याची नोंद ठेवायचं काम शोभाताईंकडं होतं. शोभाताई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. चाळिशीच्या पुढच्या, शांत, कामाला चोख. काचेची नळी त्यांच्या हातून फुटल्याचं मी पाहिलं नाही आणि त्यांचा आवाज चढल्याचंही नाही. रोज तीन वेळा त्या आत जायच्या, ठिपका कितव्या घरात आहे ते वहीत लिहायच्या आणि बाहेर येऊन मला सांगायच्या, "सर, आज सूर्य गप हाय."

सूर्य गप्प असायचा, पण ठिपका रोज पावणेअकराला टुणकन उडी मारायचा. मॅडमनी आठवडाभर छडा लावला आणि वहीत कारण लिहिलं, 'साहेबांची गाडी.' प्राचार्यांची मोठी गाडी त्याच खिडकीखाली लागायची. पुढं शोभाताई इमानदारीनं रोज तेच लिहू लागल्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं ती वही प्राचार्यांसमोर उघडली. 'साहेब आले, ठिपका तीन घरं डावीकडं. साहेब गेले, ठिपका जागेवर.'

"हे काय आहे?" प्राचार्य लाल झाले.

"नोंद आहे सर," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या येण्यानं कॉलेजात काहीतरी हलतं, याचा एवढा एकच लेखी पुरावा आपल्याकडं आहे."

गाडी दुसरीकडं लावा, ही विनंती अर्थातच फेटाळली गेली.

मग एकदा बातम्यांत आलं, सूर्यावर मोठा स्फोट झाला, पृथ्वीवर सौर वादळ आलं. लडाखच्या आकाशात लाल उजेड दिसल्याचे फोटो मोबाईलवर फिरले. त्या दिवशी प्राचार्य रजेवर होते. शोभाताई अंधाऱ्या खोलीतून जवळजवळ पळतच बाहेर आल्या.

"मॅडम, आवं ठिपका सरकलाय! आन् तितंच थांबलाय!"

मॅडम आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं, त्याला मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत सरळ आनंद म्हटलं असतं. त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'साहेब रजेवर. म्हणजे हा खरा सूर्य.' आणि खाली शोभाताईंची सही घेतली. शोभाताईंनी पदर सावरून, परीक्षेचा पेपर लिहावा तशी सही केली.

वादळ दोन दिवसांत ओसरलं. त्याचा व्यापार मात्र तेव्हा कुठं सुरू झाला.

चेअरमनसाहेबांचे एक मेहुणे होते, निकम नावाचे. ते चुंबकीय गाद्या विकायचे आणि स्वतःला चुंबकतज्ज्ञ म्हणवायचे. आठवड्याभरात त्यांचं व्याख्यान आमच्याच सभागृहात ठरलं, 'सौर वादळ आणि आपले आरोग्य'. स्टाफला हजेरी सक्तीची. बाहेरचीही माणसं होती, कराडचे काही व्यापारी, कुंडलकडचे शेतकरी, गुडघे धरून आलेल्या बायका. व्यासपीठावर टेबल, टेबलावर गादी, गादीवर शाल आणि शालीवर नारळ. एखाद्या पाहुण्याचा सत्कार असावा तसा थाट.

निकम म्हणाले, सौर वादळानं माणसाच्या शरीरातलं चुंबकत्व बिघडतं, म्हणून रक्तदाब, साखर, सांधे. गादीवर झोपलं की ते परत जागेवर येतं. मग गोळ्या कशाला आणि सुया कशाला? त्यांनी 'प्रश्न असतील तर विचारा' असं म्हटलं. माणूस नवखा होता.

मॅडम उठल्या. पर्स घेऊन सरळ व्यासपीठावर गेल्या. होकायंत्र वर धरून म्हणाल्या, "निकमसाहेब, वादळाच्या दिवशी हे माझ्या टेबलावर होतं. सुई हललेली दिसली नाही. कारण एवढ्या मोठ्या वादळातही पृथ्वीचं क्षेत्र शंभरातला एखादा भाग इकडंतिकडं होतं. आता बघा." त्यांनी नारळ बाजूला केला आणि होकायंत्र गादीवरून फिरवलं. सुई इकडून तिकडं, तिकडून इकडं, देवऋषाच्या अंगात आल्यासारखी फिरायला लागली. पुढच्या रांगेतली माणसं उठून बघायला लागली.

"वादळापेक्षा ही गादी कितीतरी पटीनं जोरात आहे. आता तुम्हीच ठरवा. तेवढ्याशा वादळानं माणूस आजारी पडत असेल, तर या गादीवर झोपणारा सकाळी उठायलाच नको. आणि गादीवर झोपून माणूस ठणठणीत राहत असेल, तर वादळानंही त्याला काही होत नाही. मग गादी कशाला? सौर वादळानं रेडिओ बिघडतो, जीपीएस चुकतं, ध्रुवाकडच्या देशांत विजेच्या तारांना त्रास होतो. तुमच्या घरात कुणी विजेची तार असेल तर तिला जरूर या गादीवर झोपवा."

सभागृहात हशा फुटला. मीही पोट धरून हसलो. मॅडमनी खाली बघत विचारलं, "इथं कुणी घेतलीय का ही? हात वर करा, दर्शन तरी घेऊ द्या." कुणीही हात वर केला नाही. टाळ्या पडल्या. निकम घाम पुसत बसले. आणि व्याख्यान संपल्यावर निम्मं सभागृह गाद्यांची नावं नोंदवायला रांगेत उभं राहिलं. मी मॅडमकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "जोरात आहे म्हणाले ना मी. मीच जाहिरात केली."

दोन दिवसांनी त्यांना मेमो आला, अतिथीचा अवमान केल्याबद्दल खुलासा द्यावा. मॅडमनी खुलासा दिला, 'अतिथी गादी घेऊन आले होते, मी होकायंत्र घेऊन गेले. जो काही अवमान झाला तो होकायंत्रानं केला असल्यानं मेमो त्यास देण्यात यावा.' ही ओळ सांगली ते कराड प्रत्येक स्टाफरूममध्ये पोचली. मॅडम जिंकल्या, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

पुढं महिन्याभरानं शोभाताई कामावर येईनाशा झाल्या. आधी रजा, मग निरोप, मग समजलं की सरकारी दवाखान्यात आहेत. त्यांना साखरेचा आजार होता, रोज इन्सुलिन घ्यायच्या, हे वीस वर्षं शेजारी काम करून मला माहीत नव्हतं. पायाला जखम झाली, ती चिघळली आणि डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

मॅडम आणि मी भेटायला गेलो. शोभाताई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मॅडम नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "काय गं शोभा, इंजेक्शन विसरलीस होय? वहीत नोंद नव्हती केलीस?"

शोभाताई वळल्या. "इसरले न्हाई मॅडम. बंद केली हुती. गादी घेतली हुती मी."

"कधी?"

"त्या भाषणाच्या आधी चार दिस."

मॅडम कॉटच्या कडेला बसल्या.

"मी मागं बसले हुते. तुमी म्हनला, हात वर करा, दर्शन घिऊ द्या. समदी हसली. मी हात मांडीखाली घातला. तवाच वाटलं हुतं, तुमास्नी इचारावं, सुई चालू करू का म्हनून. पर कसं इचारनार? समदं कालेज हसलं असतं."

"पण शोभा, तू रोज ते यंत्र बघतेस. तुला तरी…"

"म्हनून तर घेतली. मीच लिवते की वहीत. सूर्यावर कायतरी हुतं आन् हितं काळोख्या खोलीत ठिपका हलतो, मी माज्या डोळ्यानं बघितलंय. मग मानसाच्या अंगाला कायच हुत नसंल व्हय? तुमी ठिपका दावला मॅडम. फुडचं सांगितलं न्हाई."

कॉटच्या पायथ्याशी त्यांचा नवरा उभा होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, बोलू नगंस." आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मॅडम थांबल्या. मला वाटलं, आता निकमांचा उद्धार होणार. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, तुमच्या गाडीत पेट्रोल आहे का?"

पुढचे तीन रविवार मी त्यांचा ड्रायव्हर होतो. गाद्या घेतलेल्या लोकांची नावं त्यांनी कुठून मिळवली ते त्यांनी सांगितलं नाही. संस्थेचा एक कारकून मात्र त्या दिवसांत माझी नजर चुकवत होता. माझ्या स्कूटरवर मागं बसून त्या घरोघर गेल्या. सांगलीतली घरं झाली, कराडची झाली, कुंडलला गेलो. प्रत्येक दारात एकच प्रश्न, औषधं चालू आहेत ना? वाद नाही, टोमणा नाही, होकायंत्र तर पर्समधून बाहेरसुद्धा काढायचं नाही असं त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं. त्यांच्या जिभेला हा उपास किती जड गेला असेल, ते मागून येणाऱ्या त्यांच्या सुस्काऱ्यांवरून मला कळत होतं.

कुंडलमध्ये एक म्हातारे पाटील भेटले. घराच्या पुढच्या सोप्यात गादी अंथरून वर बसलेले. "या या. गादी बगायला आलाय न्हवं? लय झकास हाय. बसा की वर."

मॅडम बसल्या. मी जन्मात विसरणार नाही. मगदूम मॅडम त्या गादीवर मांडी घालून बसल्या.

"बीपीची गोळी चालू आहे ना काका?"

"ती कवाच सोडली. गादी हाय की."

मॅडमचा हात पर्सकडं गेला आणि परत आला. "गादी राहू द्या काका. गोळीपण चालू ठेवा. दोन्ही."

"दोन्ही? म्हंजे गादी खरी, आसंच न्हवं?"

मी छताकडं बघायला लागलो. मॅडमनी गादीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "मऊ आहे काका. फार मऊ आहे. गोळी आणा बघू, माझ्यासमोर घ्या."

म्हाताऱ्यानं गोळी घेतली. कुंडलपासून सांगलीपर्यंत मॅडम माझ्या कानात अखंड बोलत होत्या. निकम, चेअरमन, सूर्य, मी, कुणी सुटलं नाही. मला फार बरं वाटलं.

शोभाताई तीन महिन्यांनी कामावर आल्या. चालताना जरा लंगडत होत्या. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडमनी त्यांना स्टाफरूममध्ये बोलावून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. आम्ही चौदा-पंधरा जण होतो. मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, "भर सभागृहात मी हिला हसले. हिचं चुकलं नव्हतं. मी हिला ठिपका मोजायला शिकवलं आणि तो का हलतो हे शिकवायचं राहिलं, कारण मला वाटलं, हिला काय करायचंय. शोभा, माझं चुकलं."

शोभाताई उठायला लागल्या. "आवं मॅडम, आसं काय बोलताय…"

"बस खाली. तास सुरू आहे." आणि त्यांनी फळ्यावर सूर्य काढला. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, तरी तास चालू होता. वीस वर्षांत स्टाफरूममध्ये पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तासभर एकही टोमणा आला नाही. प्राचार्य दारात येऊन उभे राहिले आणि तसेच परत गेले.

निकमांचं म्हणाल तर त्यांना काहीही झालं नाही. त्यांचा धंदा वाढला, शाखा निघाली. संस्थेनं मॅडमचा मेमो मात्र निवृत्तीपर्यंत फाईलमधून काढला नाही.

निवृत्तीनंतर त्या नॉर्वेला जाऊन आल्या, एकट्या, एका टूरबरोबर. परत आल्यावर त्यांची माझी गाठ कराड स्टेशनवर पडली. मी गाडीची वाट बघत होतो, त्या उतरत होत्या; इंजिनिअरिंग कॉलेजात भाषण होतं.

"दिसला का ऑरोरा?" मी विचारलं.

"तीन दिवस ढग. आमच्या टूरवाल्यानं ढगांचंही कौतुक करून दाखवलं. चौथ्या रात्री दिसला. आधी नुसता राखाडी. मंद असला की डोळ्यांना तसाच दिसतो, हिरवा मोबाईलला दिसतो. म्हणून सगळे मोबाईलमध्येच बघत होते. एवढ्या लांब जाऊन."

"आणि तुम्ही?"

"मी बर्फात उताणी पडले. मग तो हलला सर." मी पुढचा टोमणा ऐकायला कान टवकारले. तो आलाच नाही. त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला. "पस्तीस वर्षं शिकवलं मी ते. सगळं बरोबर शिकवलं होतं. आणि तरी मला काही कल्पना नव्हती."

माझी गाडी यायला अजून अवकाश होता, म्हणून मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. त्या आत बसल्या आणि रिक्षावाल्या पोराला पत्ता सांगता सांगता सूर्यावर पोचल्या. रिक्षा निघाली. वळणावर मला दिसलं, पोरगं मान मागं वळवून, तोंड उघडं टाकून ऐकत होतं, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, आणि मॅडम त्याच्या पाठीत बोट खुपसत ओरडत होत्या, "पुढं बघ रं! वर कवा बघायचं ते मी सांगते!"